ग्रूटबायचं चाटण

शिरवळहून आलेली पेटी हेमांगी शेंडगेनं स्वतः उघडली. आत नेहमीप्रमाणे पांढऱ्या पुडीचे बारा डबे होते, पण कोपऱ्यातली भाजणीची पिशवी नव्हती. टिल्लू सरांच्या पत्नी सुधाताई गेली तीन वर्षं प्रत्येक पेटीत भाजणी आणि गोडा मसाला कोंबून पाठवायच्या. विमानतळावरच्या कस्टमच्या माणसाला हेमांगीनं एकदा थालीपीठ करून नेऊन दिलं होतं. तेव्हापासून तो ती पिशवी हुंगायचा, हसायचा आणि न उघडता पुढे सारायचा.

विसरल्या असतील, असं म्हणून तिनं डबे कपाटात लावले. दोन दिवसांनी सरांचा फोन आला तेव्हा तिला कळलं, की सुधाताई विसरल्या नव्हत्या. पेटी बांधताना घरात काय ठरलंय ते त्यांच्या कानावर आलेलं होतं, आणि त्या पेटीत खाऊ घालायला त्यांचा हात धजला नव्हता.

ग्रूटबाय हे नामिबियाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं बावीस हजार वस्तीचं गाव. एका अंगाला अटलांटिक महासागर, दुसऱ्या अंगाला नजर पोचेल तिथपर्यंत वाळू. पाऊस वर्षातून एकदोनदा, तोही जमीन ओली होईल न होईल इतकाच. रोज सकाळी समुद्रावरून दाट धुकं येतं आणि दहाच्या सुमाराला विरून जातं. गावात मासे डबाबंद करायचा एक कारखाना, लहानसं बंदर, दोन शाळा. पिण्याचं पाणी एकशे नव्वद किलोमीटरवरच्या विंधनविहिरींतून यायचं, मचूळ, आणि तेही तिसऱ्या दिवशी.

२०३८ साली तिथे ‘जलसूत्र’ कंपनी उतरली. डॉ. वामन टिल्लू यांनी पुण्यातली प्राध्यापकी सोडून शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत ही कंपनी काढली होती. हेमांगी त्यांची विद्यार्थिनी. तिचे वडील आटपाडीच्या शाळेत प्रयोगशाळेचे परिचर होते. मुलीला डॉक्टरेट मिळाली त्या दिवशी ते सरांच्या पाया पडायला निघाले, तेव्हा सरांनीच त्यांना धरून खुर्चीवर बसवलं होतं. कंपनी ज्या एका गोष्टीवर उभी होती, ती गोष्ट हेमांगीच्या प्रबंधातून निघालेली होती.

ती गोष्ट म्हणजे एक पापुद्रा. आपल्या शरीरातल्या पेशींच्या भिंतींना अतिशय बारीक दारं असतात. त्यांतली काही फक्त पाण्यासाठी. पाण्याचे रेणू त्या दारांतून एकामागे एक, रांगेनं जातात. मिठाला तिथे शिरकाव नसतो. आपली मूत्रपिंडं दिवसभर हेच काम करत असतात. अशी दारं कृत्रिम पडद्यात बसवून समुद्राचं पाणी गोडं करायचे प्रयत्न पूर्वीपासून चालले होते. अडचण अशी, की दार म्हणजे एक प्रथिन, आणि प्रथिन काही आठवड्यांत मोडतं. हेमांगीनं ठरवलं, की दार बसवण्याऐवजी सुतारच बसवायचा. तिनं पडद्यावर एका जिवाणूचा थर वाढवला. तो जिवाणू जिवंत राहतो, दारं बनवतो, मोडलेली दारं काढून नवी बसवतो. जुन्या यंत्रांना समुद्राचं पाणी प्रचंड दाबानं ढकलावं लागायचं आणि पडदे सारखे बदलावे लागायचे. या पापुद्र्याला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी वीज लागायची. तेवढी वीज ग्रूटबायच्या छपरांवरच्या उन्हातून सहज निघत होती.

पण जिवंत वस्तूची जोखीमही जिवंत असते. असा जिवाणू समुद्रात सुटला आणि फोफावला तर काय, हा प्रश्न हेमांगीला पहिल्या दिवसापासून पडला होता. म्हणून तिनं त्याला जन्मतःच परावलंबी केलं. त्याला जगायला एक अमिनो आम्ल लागायचं, जे निसर्गात कुठेही सापडत नाही. प्रयोगशाळेतच बनवावं लागतं. ते पाच-सहा दिवस मिळालं नाही, की जिवाणू मरतो. तान्ह्या बाळाला चाटवतात तसं आठवड्यातून दोनदा हे त्याला द्यायचं, म्हणून शिरवळच्या प्रयोगशाळेत कुणीतरी त्याला चाटण म्हणालं आणि तेच नाव रुळलं.

टिल्लू सरांना या चाटणात आणखी काहीतरी दिसलं. त्याआधी एकदा ते आपली साधी गाळणयंत्रं घेऊन दुसऱ्या एका देशाच्या बाजारात उतरले होते. तिथल्या भागीदारानं आठ महिन्यांत सगळं शिकून घेतलं, शेजारच्याच भूखंडावर स्वतःचा कारखाना टाकला आणि करार मोडला. कोर्ट तिथलं, भाषा तिथली. शिरवळला नव्वद माणसांना घरी बसवावं लागलं. सर त्यांतल्या प्रत्येकाच्या घरी स्वतः गेले, आणि बऱ्याच घरी हेमांगी त्यांच्याबरोबर होती. एका घरात कामगाराच्या म्हाताऱ्या बापानं त्यांना चहा दिला आणि कप परत घेताना विचारलं, की साहेब, आता पोरानं कुठं जायचं? त्या दिवसानंतर सर बदलले.

“परक्या मुलखात धंदा वाढतो हे खरं,” ते म्हणायचे. “पण तिथला कायदा आपला नसतो, आणि उद्याचं सरकार कोणाचं हे आपल्याला विचारून ठरत नाही. तिथे जायचं तर हातात काहीतरी ठेवूनच जायचं.”

म्हणून ठरलं, की चाटण फक्त शिरवळलाच बनेल. ग्रूटबायच्या करारात त्याची नोंद शेवटच्या परिशिष्टात, गाळणी आणि वॉशर यांच्या यादीत, ‘पोषक-४’ या नावानं झाली. हेमांगीला हे माहीत होतं. त्या म्हाताऱ्याचा चेहरा तिच्याही डोळ्यांसमोर होता, म्हणून तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

ग्रूटबायचा प्रकल्प चालवायची मुख्य जबाबदारी विल्हेल्मिना बॉइस या चौपन्न वर्षांच्या बाईकडे होती. तिथे वडीलधाऱ्या बाईला ‘टॅनी’ म्हणतात, म्हणून सगळ्या गावाची ती टॅनी विल्मा. माशांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिनं सव्वीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. डबा उघडायच्या आधी नुसता ठोकून आतला मासा बिघडलाय की नाही ते ती सांगायची. प्रकल्पातल्या पाण्याचा पहिला पेला तिनं प्यायला, थोडा वेळ तोंडात घोळवला आणि म्हणाली, याला चवच नाही. मग रडायला लागली. गावात जन्मलेल्या कुणीही बिनचवीचं पाणी कधी प्यायलेलं नव्हतं.

दर रविवारी हेमांगी तिच्याकडे जेवायला जायची. टॅनीनं तिला मासे साफ करायला शिकवले, तिथली आफ्रिकान्स भाषा बोलायला शिकवली, शेजाऱ्यांची भांडणं सांगितली. दोनदा तिनं विचारलं, की या पुडीत असतं काय? दोन्ही वेळा हेमांगी म्हणाली, पोषण असतं. ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी गावच्या परिषदेत विंधनविहिरींचा विषय निघाला. आतल्या वस्त्यांना पाण्याची गरज होती. ग्रूटबायला आता ते पाणी लागत नव्हतं. नगराध्यक्ष कावारी यांनी भर सभेत हेमांगीला विचारलं, की तुमच्या प्रकल्पावर पूर्ण विसंबलं तर चालेल का? ती चालेल म्हणाली. सहा महिन्यांत जुनी जलवाहिनी उखडली गेली आणि ते पाणी आतल्या गावांकडे वळलं.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे २०४१च्या जानेवारीत, देशाच्या संसदेत कायदा झाला. पिण्याचं पाणी पुरवणाऱ्या कुठल्याही कंपनीत निम्मा हिस्सा त्या गावच्या परिषदेचा असला पाहिजे. कंपन्यांना वर्षभराची मुदत होती. कायदा सगळ्यांना सारखा होता, देशी कंपन्यांनाही. पण शिरवळला त्याचा अर्थ एकच लागला: पुन्हा तेच सुरू झालं.

मार्चच्या पाच तारखेला आलेल्या फोनवर सर शांत होते. पुढची पेटी जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. त्या मंडळींकडे चाळीस दिवसांचं चाटण आहे. चाळीस दिवसांत सरकार चर्चेला बसेल आणि कंपनीला कायद्यातून सूट मिळेल. तोवर हेमांगीनं परत यावं आणि तिथे कुणाला काही सांगू नये.

हेमांगीनं विचारलं, की नाही बसले चर्चेला, तर?

“बसतात,” सर म्हणाले.

“आणि नाही बसले तर? इथे दुसरं पाणी नाहीये, सर. मी त्यांना सांगितलं होतं की विसंबा म्हणून.”

ते एवढंच म्हणाले, की शुक्रवारचं तिकीट काढलंय.

शुक्रवारी विमान गेलं, हेमांगी गेली नाही. गुरुवारी दुपारी ती टॅनीकडे गेली. टॅनी ओट्यापाशी कांदा चिरत होती. हेमांगीनं बसूनही घेतलं नाही. दारात उभी राहूनच तिनं सगळं सांगितलं: ती पूड म्हणजे काय, ती फक्त शिरवळलाच का बनते, आता ती का येणार नाही, आणि चाळीस दिवसांनी पापुद्रे कसे मरतील. ही अडकवणूक तिनं स्वतः घडवलेली आहे, हेही सांगितलं.

टॅनीनं सुरी खाली ठेवली. तिचा आवाज जराही चढला नाही.

“तीन वर्षं तू या टेबलाशी जेवलीस,” ती म्हणाली. “मी दोनदा विचारलं होतं.”

“हो.”

“मासा खराब आहे हे माहीत असून डबा पुढे सरकवला, तर आमच्या कारखान्यात माणसाला त्याच दिवशी काढतात.”

टॅनीनं हात धुतले, पुसले. मग विचारलं, की ही चाटणाची बेडी जिवाणूच्या पायातून काढता येते का? काढता आली असती. हेमांगीला आठ-दहा दिवसांचं काम होतं. पण चाटणाशिवाय जगणारा जिवाणू एकदा समुद्रात गेला, की त्याला थांबवणारं काही उरलं नसतं. या किनाऱ्यावरची मासेमारी जगते ती इथल्या थंड पाण्यातल्या बारीक जिवांवर. तिथे हा नवा पाहुणा काय करील ते कुणीच सांगू शकत नव्हतं. बेडी राहू द्यायला हवी होती. बदलायचं होतं ते किल्ली कुणाकडे असावी एवढंच.

“चाटण इथेच करू,” हेमांगी म्हणाली. “मी शिकवते. तुम्ही रागावलेल्या असलात तरी शिका. नंतर माझ्याशी बोलू नका हवं तर.”

टॅनीनं कांदा झाकून ठेवला आणि कारखान्याच्या प्रयोगशाळेच्या किल्ल्या घेतल्या.

मासे कमी झाल्यापासून ती प्रयोगशाळा बंदच होती. टेबलांवर धुळीचा आणि मिठाचा थर होता. दोघींनी दोन दिवस नुसतं घासलं. कंपनीतून रोज संदेश येत होते. आधी परतीच्या तिकिटाचे, मग ताकिदीचे, मग एक दिवस कंपनीच्या संगणकाचं दार हेमांगीला बंद झालं. आता तिच्याजवळ डोक्यात होतं तेवढंच उरलं होतं. ती भिंतीवरच्या फळ्यावर आठवून आठवून लिहायची, आणि टॅनी ते वहीत उतरवायची.

रसायनाची साधी पद्धत हेमांगीला तोंडपाठ होती. अकराव्या दिवशी पहिली पूड तयार झाली. शुभ्र, कोरडी, डोळ्यांना अगदी शिरवळच्या पुडीसारखी. प्रकल्पात पापुद्र्यांचे चाळीस खण होते. त्यांतल्या एका खणाला त्यांनी ही पूड दिली. तिसऱ्या दिवशी त्या खणाचं पाणी निम्म्यावर आलं, पाचव्या दिवशी पापुद्रा राखाडी पडला आणि सुटून खाली आला. टॅनीनं तो हातात घेतला आणि नाकाशी नेला. मेला, असं म्हणाली.

चूक कुठे झाली ते हेमांगीला तिथल्या तिथे कळलं, आणि स्वतःचाच राग आला. काही रेणू हातांसारखे असतात, एक डावा, एक उजवा. घटक तेच, रचना आरशातली. रसायनाच्या साध्या पद्धतीनं दोन्ही सारखेच तयार होतात. जिवाला डावाच चालतो. उजवा त्याच्या यंत्रणेत अडकून बसतो. शिरवळला दोघांना वेगळं करायचं मोठं यंत्र होतं. ग्रूटबायला ते येणं शक्य नव्हतं.

मग तिनं दुसरी वाट धरली. विकरं, म्हणजे पेशींतली एन्झाइम्स, फक्त डावाच रेणू बनवतात. मातीत आणि आतड्यांत सापडणाऱ्या एका साध्या जिवाणूत तिला हवं तसं विकर असतं. राजधानीतल्या विद्यापीठात तो जिवाणू सांभाळलेला होता आणि त्या विकरात तिला हवा तो बदल करून घ्यायची सोयही होती. तिथल्या प्राध्यापिकेनं एकच प्रश्न विचारला, की तुमच्याकडे किती दिवस आहेत, आणि नवव्या दिवशी बदललेल्या जिवाणूची नळी बसनं पाठवून दिली. लागणाऱ्या तीन रसायनांपैकी अमोनिया माशांच्या शीतगृहात भरपूर होता. दुसरं राजधानीतल्या व्यापाऱ्याकडे मिळालं. तिसरं म्हणजे एका जातीचं फिनॉल, कपड्यांच्या रंगात वापरतात. ते दक्षिणेकडून मालमोटारीनं यायला आठवडा लागला.

त्या आठवड्यात सरांचा पुन्हा फोन आला. कंपनीच्या नंबरावरून नव्हे, घरच्या.

“तू काय करते आहेस ते मला समजलंय,” ते म्हणाले. “थांब.”

“नाही थांबणार.”

“शिरवळला एकशे साठ माणसं आहेत, हेमांगी. उद्या या लोकांनी चाटण स्वतः केलं, परवा पापुद्रा केला, तेरवा आपल्याला हाकललं. मग मी पुन्हा घरोघर जायचं? या खेपेला तू येशील बरोबर?”

हा प्रश्न तिला लागला. तिनं खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

“हाकलतीलही,” ती म्हणाली. “सांगता येत नाही. पण ते आपण पत्करायचं की त्यांच्या लेकरांनी? आपण इथे आपण होऊन आलो, सर. आपल्याला कुणी आणलं नव्हतं. नफा मिळवायला आलो, तर धोकाही आपलाच. तो या लोकांच्या घशाला बांधायचा नाही.”

“मी तुला घडवलं,” सर म्हणाले.

“हो. म्हणून तर मला हे जमतंय.”

फोन तिकडून ठेवला गेला. हेमांगी खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. धुकं विरत होतं आणि बंदरातल्या बोटी एक एक करून दिसायला लागल्या होत्या. टॅनीनं तिच्यापुढे कॉफीचा मग आणून ठेवला. त्या गुरुवारनंतर तिनं हेमांगीला असं काही देण्याची ती पहिलीच वेळ.

चौतिसाव्या दिवशी दुसरी पूड हाती आली. या खेपेला रंग किंचित पिवळसर होता. शुद्धता चौऱ्याण्णव टक्के. खणात घालायला दोघींचाही हात होईना. शेवटी टॅनी म्हणाली, की हा डबा काही नुसता ठोकून कळणारा नाही, उघडूनच बघावा लागेल, आणि तिनं पूड ओतली. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी प्रवाह कणभर वाढला. पाचव्या दिवशीही पापुद्रा गुलाबी आणि ताठ होता. तोवर शिरवळचे डबे तळाला लागले होते. परिषदेनं पाण्याच्या वेळा कमी केल्या होत्या आणि लोक बादल्या, पिंपं, लहान होड्यासुद्धा भरून ठेवत होते. एकेचाळिसाव्या दिवशी जिवंत उरलेल्या एकोणचाळीसच्या एकोणचाळीस खणांत ग्रूटबायचं चाटण पडलं.

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी टिल्लू सर स्वतः आले. त्यांच्याबरोबर एक वकील होता. हेमांगीला चाटण जमलं नसेल, गाव तहानेनं टेकीला आलेलं असेल, आता बोलणी आपल्या बाजूनं होतील, अशा हिशेबानं ते आले असणार. परिषदेच्या दालनात त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या आणि पेले ठेवले होते. सरांनी एक पेला भरला, उजेडात धरला आणि प्यायले. पापुद्रे अजून जिवंत आहेत, म्हणजे चाटण इथेच झालंय, हे त्यांना पहिल्या घोटातच समजलं. त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या हेमांगीकडे पाहिलं आणि मराठीत विचारलं, “शुद्धता किती?”

“चौऱ्याण्णव.”

“उरलेले सहा कशाचे?”

“बहुतेक न बदललेलं फिनॉल. आम्ही धुण्याची एक पायरी वाढवतोय. पापुद्र्यापलीकडे ते जात नाही, रोज तपासतो.”

त्यांनी मान हलवली. क्षणभर ती पुन्हा त्यांच्या पुण्यातल्या खोलीत, प्रबंधाचं पान पुढे धरून उभी होती. मग सरांनी नजर काढून घेतली ती दिवसभर पुन्हा तिच्याकडे वळवली नाही.

बोलणी दोन दिवस चालली. आता धाक दाखवायला सरांच्या हातात काही नव्हतं, पण विकायला पुष्कळ होतं. पापुद्रे जुने होतात, दोन-तीन वर्षांनी नवे लागतात. ते बनवायचं कसब शिरवळलाच होतं आणि ते कुणी इतक्यात उचलू शकणार नव्हतं. कावारींनी स्पष्ट सांगितलं, की आम्हाला तुम्हाला हाकलायचं नाही. तुमची यंत्रं चांगली आहेत. आम्हाला फक्त तुमच्या मर्जीवर जगायचं नाही. निम्म्या हिश्श्याला सरांनी संमती दिली. सगळं ठरल्यावर त्यांच्या वकिलानं एक अट वाचून दाखवली: हेमांगी शेंडगे यांनी प्रकल्पाच्या आत पाऊल ठेवू नये आणि कंपनीचं कोणतंही यंत्र हाताळू नये. ही अट मान्य नसेल तर कंपनी सही करणार नाही. हेमांगीवर पुण्यात कंपनीची गुपितं फोडल्याचा दावा दाखल झालाच होता.

कावारींनी पेन खाली ठेवलं. टॅनी उठून उभी राहिली आणि म्हणाली, की हिच्याशिवाय सही होणार नाही.

हेमांगीनं तिला बसवलं. “सही करा,” ती आफ्रिकान्समध्ये म्हणाली, म्हणजे सगळ्यांना कळावं. “यांना माझ्यावर राग काढायचाय, काढू दे. पाणी चालू राहिलं पाहिजे. त्यांनी मला फाटकाबाहेर ठेवलं म्हणून मला येतं ते काही विसरायला होणार नाही.”

मग ती सरांकडे वळली. “दाव्यात मी दिलं की यांनी चोरलं हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागेल. तो त्रास नको.” तिनं टॅनीची वही उघडली, चाटणाची कृती होती त्या शेवटच्या पानाखाली लिहिलं, ‘हे मी शिकवलं’, आणि पूर्ण सही केली: हेमांगी भगवान शेंडगे, मुक्काम आटपाडी. वकिलानं पानाचा फोटो काढून घेतला. सर खिडकीबाहेर बघत राहिले.

दाव्याचा निकाल पुढच्या वर्षी लागला, तिच्या विरुद्ध. कंपनीच्या गुपितांवर आधारलेलं कोणतंही काम दहा वर्षं भारतात करायचं नाही. आटपाडीहून वडिलांचा फोन आला. त्यांनी निकालाबद्दल काही विचारलं नाही. तिथे थंडी किती पडते, एवढंच विचारलं. माशांच्या कारखान्यानं प्रयोगशाळा पुन्हा सुरू केली होती आणि दुपारच्या पाळीत तिथे तिला काम मिळालं होतं. ‘जलसूत्र’चं मात्र बरं चाललं होतं. त्या किनाऱ्यावरच्या अकरा गावांनी पापुद्रे मागवले. प्रत्येक गावाची पहिली अट तीच, चाटण आम्ही करणार. शिरवळला एकशे साठांची दोनशे चाळीस माणसं झाली. कुणीतरी हेमांगीला कळवलं, की सरांनी त्यांतली पहिली भरती त्या जुन्या नव्वदांतून केली. वाचून तिनं मोबाइल उलटा ठेवला.

नव्या गावांची माणसं शिकायला ग्रूटबायलाच यायची. टॅनी त्यांना आत खण दाखवायची, चाटण द्यायला लावायची. अडलं की त्यांना वही देऊन बाहेर पाठवायची. फाटकासमोर रस्त्यापलीकडे सिमेंटचा एक कट्टा होता. तिथे सकाळी आठपासून दुपारी कामावर जायची वेळ होईपर्यंत हेमांगी बसलेली असायची. धुक्यात डोक्याला शाल गुंडाळून, शेजारी कॉफीचा थर्मास ठेवून. प्रश्न कोणत्याही गावचा असो, ती उत्तर द्यायची, आकृती काढून दाखवायची, चुकलेला आकडा खोडून लिहायची. कंपनीच्या नव्या व्यवस्थापकानं तिचे फोटो काढून पुण्याला पाठवले. तिकडून वकिलाचं तीन पानी पत्र आलं, की हा प्रकार तत्काळ थांबवावा.

हेमांगीनं ते पत्र कट्ट्यावरच वाचलं. त्याच कागदाच्या मागे तिनं उत्तर लिहिलं: ‘अट फाटकाच्या आतली आहे. रस्ता गावाचा आहे, आणि मी या गावात राहते.’ खाली पूर्ण नाव लिहून तिनं कागद व्यवस्थापकाच्या हातात दिला, आणि वाळवंटातल्या रस्त्यानं रात्रभर प्रवास करून आलेल्या दोन बायका वह्या घेऊन थांबल्या होत्या, त्यांना बसायला जागा करून दिली.